महिना संपू दे

आमच्याकडे माणूस पहिल्या झटक्याला खरं बोलत नाही. जावा बेटावर जन्मलेल्या कुणालाही विचारा. घरी आलेल्याला चहा विचारला की तो म्हणणार, "नको, आत्ताच घेतला." दुसऱ्यांदा विचारलं की, "कशाला उगीच त्रास?" तिसऱ्यांदा विचारलं की कप हातात घेणार आणि वर साखर कमी आहे म्हणणार. पहिल्यांदाच हो म्हणणारा आमच्यात हावरट ठरतो आणि एकदाच विचारणारा कंजूष. आमच्या आईबापांनी असंच शिकवलं, आम्ही पोरांना असंच शिकवलं.

दुखण्याचंही तेच. पोटात गाठ असो की छातीत कळ, आमचा माणूस डॉक्टरसमोर बसून हसत म्हणणार, "काही नाही हो, वारा शिरलाय." अंगात वारा शिरणं हा आमचा सगळ्यात सोयीचा आजार. सर्दी झाली तरी वारा, ताप आला तरी वारा. घरच्या घरी तेल लावून पाठीवर नाणं घासायचं, लाल पट्टे उठले की म्हणायचं, बघ, किती वारा होता.

मी यात्मी, गावासाठी बू यात्मी, म्हणजे यात्मीबाई. डॉक्टर सुबेक्तींच्या दवाखान्यात खिडकीवर बसते, तेवीस वर्षं झाली. नावं लिहायची, नंबर द्यायचे आणि भांडायचं, ही माझी तीन कामं. गावात म्हणतात, डॉक्टरांचं इंजेक्शन परवडलं पण यात्मीचं तोंड नको. म्हणोत बापडे. मी तोंड चालवलं नसतं तर त्या दवाखान्याचा कधीच मासळीबाजार झाला असता. पण आज जे सांगायचंय ते याच तोंडाबद्दल आहे, आणि सांगताना माझीच मला लाज वाटते.

डॉक्टरांच्या खोलीत आणि माझ्या खिडकीत मध्ये नुसता पडदा. आतलं अक्षर न् अक्षर मला ऐकू येतं. पूर्वी तर मी कान लावून ऐकायचे, कारण डॉक्टरांची विचारायची तऱ्हाच तशी होती. त्यातून म्बाह लासियेम आत गेली की मी लिहिणं थांबवून ऐकत बसायचे. म्बाह म्हणजे आजी. सत्तरी ओलांडलेली, बाजारात तांदळाची पेज विकायची, आणि सगळं गाव तिला आजीच म्हणायचं.

"काय म्बाह, कशा आहात?"

"बरी आहे, पाक डॉक्टर. जरासा वारा शिरलाय."

"तुमची शेळी व्यायली म्हणे?"

"व्यायली ना. दोन पिल्लं. एक मेलं लंगडं निघालं."

"आणि तुमचं काय?"

"अगं बाई! माझं आता काय व्यायचं वय आहे?"

दोघं हसायची. डॉक्टर रक्तदाब बघायचे, दुसऱ्यांदा विचारायचे, दुखतंय कुठे? ती म्हणायची, काही नाही हो. मग ते औषध लिहायचे, पेनाला टोपण लावायचे, म्हातारी उठून दारापाशी जायची, आणि तेव्हा ते मान वर न करता म्हणायचे, "म्बाह, झोप लागते का हो?" की झालं. म्हातारी परत येऊन बसायची आणि चार रात्रींचं दुखणं भडाभडा ओतायची. डॉक्टर मला सांगायचे, "यात्मी, आपल्या लोकांचं खरं दुखणं दाराशी बाहेर पडतं. त्यांना दारापर्यंत जाऊ द्यावं लागतं."

या दोघांचं जुनं होतं. डॉक्टर आमच्या गावात आले तेव्हा सत्तावीस वर्षांचे, बिनलग्नाचे. पहिल्याच पावसाळ्यात डासांचा ताप येऊन आडवे झाले. लासियेमनं अकरा दिवस पेज नेली आणि चमच्यानं भरवली. चार माणसांत ती त्यांना मानानं पाक डॉक्टर म्हणायची, पण जवळपास कुणी नसलं की "ले" म्हणायची. आमच्यात पोटच्या पोराला म्हणतात तसं. मी ऐकत असायचे हे तिला ठाऊक होतं, पण मला ती जवळपास कुणी असण्यात धरत नसावी.

मग सरकारी विमा आला. विम्याला मी शिव्या देणार नाही. लासियेमचा नवरा कार्ड यायच्या आधी गेला, पैसे नाहीत म्हणून शहरातल्या इस्पितळाच्या पायरीवरून त्याला परत आणलं होतं. आणि कार्ड आल्यावर तिच्याच शेजारणीच्या नातीचं हृदयाचं ऑपरेशन झालं, पोरगी आता शाळेत उड्या मारते. तेव्हा उगाच कुणी मला सांगू नये की जुनं ते सोनं. जुन्यात माणसं फुकट मरत होती.

कार्डावर प्रत्येकाचा डॉक्टर कोण ते छापलेलं असतं. लासियेमला कार्ड मिळालं तेव्हा ती खिडकीवर येऊन मला दाखवत होती. "बघ न्दुक, डॉक्टर आता माझ्या नावावर केलाय सरकारनं." मी पन्नाशीला आले तरी ती मला न्दुक, म्हणजे पोरी, म्हणायची.

"शेतासारखा नावावर केलाय, तर आता नांगर धरा," मी म्हटलं. ती इतकी हसली की तिला ठसका लागला.

पण नावावर एकटी ती थोडीच होती! आठ हजार माणसं डॉक्टरांच्या नावावर झाली. पूर्वी दिवसाला तीस यायची, ती नव्वद यायला लागली. टेबलावर संगणक आला. त्यात प्रत्येकाची तक्रार भरायची, भरल्याशिवाय तो मेला पुढे सरकत नाही. डॉक्टर एका हातानं नाडी बघायचे आणि दुसऱ्या हातानं टायपायचे. नंतर नंतर नाडीही राहून गेली.

आणि मोठ्या इस्पितळाची चिठ्ठी. ती डॉक्टरांनी दिल्याशिवाय विमा चालत नाही. पण ती भाराभर द्यायची नाही. दीडेकशे आजारांची एक यादी आहे, ते आजार गावातच बरे करायचे, आणि किती चिठ्ठ्या गेल्या ते विम्याचं कार्यालय महिन्याच्या महिन्याला बघतं. जिल्ह्याच्या बैठकीत भिंतीवर सगळ्या डॉक्टरांची नावं लावतात. चिठ्ठ्या जास्त झाल्या की नाव लाल. पन्नास डॉक्टरांसमोर. लागोपाठ दोन महिने लाल झालं की विम्याचा करार जायची भीती, आणि करार गेला की आठ हजार कार्डं चौदा किलोमीटरवरच्या दुसऱ्या डॉक्टरच्या नावावर.

हे सगळं डॉक्टरांनी मला एकटीला सांगितलं होतं. दुपारी बेसिनवर हात धूत होते. म्हणाले, "यात्मी, गेला महिना लाल गेला. हा जाता कामा नये." आणि मग तेच हात पुन्हा धुतले.

मी अल्लाला स्मरून सांगते, चिठ्ठी त्यांनी कुणाला नाकारली नाही. फक्त विचारणं कमी झालं. विचारलं नाही की सापडत नाही, आणि सापडलं नाही की चिठ्ठी लागत नाही. त्यांनी हे ठरवून केलं असं मी म्हणणार नाही. त्यांना स्वतःलाही ते कळलं नसावं.

त्या गुरुवारी पंचवीस तारीख होती. बाकांवर माणूस मावत नव्हता. एक धट्टाकट्टा टेम्पोवाला खिडकीवर येऊन अडून बसला. पाठ दुखते, शहरात जाऊन फोटो काढायचाय, चिठ्ठी द्या. मी म्हटलं, डॉक्टर बघतील आणि मग देतील. तो म्हणाला, "चिठ्ठी द्यायला तुमच्या खिशातलं काय जातं?"

झालं! माझं डोकं सटकलं. मी खुर्चीवरून उठले आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं ओरडले, "खिशातलं काय जातं? डॉक्टरांची नोकरी जाते! जरा सर्दी झाली की चिठ्ठी, जरा पाठ धरली की चिठ्ठी! तिकडे त्यांचं नाव लाल होतं भिंतीवर, चोरासारखं! दुसऱ्यांदा लाल झालं की काढून टाकतील त्यांना, मग बसा चौदा किलोमीटर टेम्पोत! महिना संपेपर्यंत कुणी चिठ्ठीचं नाव काढू नका. महिना संपू दे, मग या!"

टेम्पोवाला पुटपुटत बाहेर गेला. मला बरं वाटलं, खोटं कशाला बोलू? डॉक्टरांच्या बाजूनं कुणीतरी बोललं असं वाटलं.

भिंतीकडेच्या बाकावर लासियेम बसली होती. एक्केचाळीस नंबर. उन्हाळ्यात शाल गुंडाळून बसली होती, तेही माझ्या डोळ्यांना दिसलं आणि डोक्यात शिरलं नाही.

तिचा नंबर आला. पडद्याआडून ऐकू आलं.

"बोला, म्बाह."

"वारा शिरलाय, पाक डॉक्टर."

"ताप?"

"नाही."

"खोकला?"

"नाही हो."

"आणखी काही?"

मग म्हणाली, "काही नाही. तुम्ही जेवलात का?"

"जेवेन." बटणांची टकटक झाली. "गोळ्या देतो. पाणी भरपूर प्या."

खुर्ची सरकली. पडद्याखालून मला तिचे पाय दिसत होते. दारापाशी येऊन ते थांबले. पडद्यापलीकडे, बोटं आतल्या बाजूला वळलेली. ती थांबली होती. किती वेळ? एखादं मिनिट असेल. नंतर मी हजार वेळा मोजलंय ते मिनिट.

डॉक्टर म्हणाले, "यात्मी, पुढचा."

आणि मी ओरडले, "बेचाळीस!"

ती बाहेर आली. खिडकीवर हात टेकून उभी राहिली. ओठ पांढरे पडले होते. मी विचारलं, "काय म्हणाले?"

"काही नाही. गोळ्या दिल्या." मग इकडेतिकडे बघून हळूच म्हणाली, "न्दुक, महिना कधी संपतो?"

"मंगळवारी. का हो?"

"उगाच. बुधवारी येते मग."

"बुधवारी? बाजार सोडून?"

"एक दिवस पेज नाही विकली तर गाव काही उपाशी मरत नाही."

नवरा गेल्यावर चौथ्या दिवशी पेजेचं भांडं घेऊन बाजारात बसलेली बाई ही. तेव्हा तरी मला उमजायला हवं होतं. पण बेचाळीस नंबर पडद्याजवळ खोळंबला होता, त्रेचाळीसचं पोर रडत होतं. मी म्हटलं, "बरं, लवकर या. पहिला नंबर ठेवते तुम्हाला." आणि मनात म्हटलं, बघा, एवढी अडाणी म्हातारी, पण तिला कळलं. बाकीच्यांना कळत नाही.

सोमवारी सकाळी नऊच्या सुमाराला मशिदीच्या भोंग्यावरून मयताची बातमी सांगायला सुरुवात झाली. आमच्याकडे नाव शेवटी येतं, तोवर सगळं गाव हातातलं काम धरून थांबतं. दवाखान्यातही सगळे थांबले. भोंगा म्हणाला, लासियेम, पार्तिनीची आई.

आतली टकटक बंद पडली. डॉक्टर पडदा सारून बाहेर आले. मला म्हणाले, "कुणाचं नाव घेतलं?" त्यांनी स्टेथोस्कोप गळ्यात घातला आणि चालायला लागले. मेलेल्या माणसाकडे स्टेथोस्कोप कशाला, असं त्यांना कुणी म्हटलं नाही. बाकांवर तीस माणसं होती, एकानंही माझा नंबर माझा नंबर केलं नाही. मी खिडकी लावली आणि मागोमाग धावले.

पहाटे पेज ढवळता ढवळता ती चुलीपुढेच बसली आणि उठली नाही. डॉक्टरांनी तिच्या छातीला स्टेथोस्कोप लावला आणि खूप वेळ काढलाच नाही. शेवटी पार्तिनीनं, तिच्या मुलीनं, त्यांचा हात धरून बाजूला केला.

बाईमाणसाला बायकाच आंघोळ घालतात. आम्ही चौघी होतो. मी पाणी ओतत होते. तिला कुशीवर वळवलं आणि माझ्या हातातला तांब्या गळून पडला. पाठ म्हणून राहिली नव्हती. मानेपासून कमरेपर्यंत नाणं घासल्याचे पट्टे. जुने काळे पडलेले, त्यांच्यावर नवे लाल, त्यांच्यावर आणखी नवे. कातडी सोलवटली होती. खांद्यांच्या मधोमध तर नुसतं मांस दिसत होतं. तिथंच दुखत असणार.

पार्तिनी म्हणाली, "रोज घासायला लावायची. गुरुवारपासून दिवसातून दोनदा. मी म्हटलं, आई, आता घासायला जागा नाही. म्हणाली, घास गं, दोन दिवसांचा तर प्रश्न आहे. मी म्हटलं, शहरात नेऊ का इस्पितळात? तर म्हणाली, चिठ्ठी नाही ना आपल्याकडे."

जीव धोक्यात असला तर चिठ्ठी लागत नाही. सरळ इस्पितळात जायचं, विमा चालतो. नियमच आहे तसा. मला माहीत होता. तेवीस वर्षं खिडकीवर बसून गावाला नाही नाही ते सुनावलं, पण हे सांगितलं नाही. त्या गुरुवारी एवढी ओरडले, त्यातच एक वाक्य जास्त ओरडले असते तर काय बिघडलं असतं माझं? या अल्ला, एक वाक्य!

मी तांब्या उचलला आणि पाणी ओतत राहिले. त्या पाठीवर मी हात फिरवला, अगदी हळू, जणू तिला आता दुखलं असतं.

दुपारी अंगणात जनाजा ठेवला. ऊन मी म्हणत होतं. गावचे मोदिन, मयताचं सगळं करणारे, पुढे आले आणि रीतीप्रमाणे घरच्यांच्या वतीनं बोलले. "म्बाह लासियेम आज आपल्यातून गेल्या. जाणत्या-अजाणत्या त्यांच्याकडून कुणाला त्रास झाला असेल, कुणाचं मन दुखलं असेल, तर आज माफ करा. माफ केलंत का?"

"माफ केलं," सगळं अंगण म्हणालं.

"बाई कशी होती?"

"चांगली होती!"

डॉक्टर माझ्या शेजारी उभे होते. त्यांचे ओठ हलले नाहीत. पार्तिनीचं लक्ष तिकडेच होतं. आमच्यात एकाचीही माफी राहिलेली चालत नाही, मेलेल्याची वाट अडते म्हणतात. ती गर्दीतून वाट काढत आली आणि डॉक्टरांपुढे हात जोडून उभी राहिली.

"पाक डॉक्टर, आईचं काही चुकलं असेल तर माफ करा."

"तिचं काय चुकणार, पार्तिनी?"

"चुकलं हो. तुम्ही तिला एवढं जीव लावून बघायचात आणि तिनं शेवटचं दुखणं तुमच्यापासून लपवलं. म्हणाली, महिना संपू दे. आत्ता चिठ्ठी मागितली तर आपल्या डॉक्टरचं नाव लाल होईल, चारचौघांत त्याची मान खाली जाईल. बुधवारी सांगते म्हणाली. कपडेसुद्धा काढून ठेवलेत तिनं बुधवारचे."

डॉक्टरांनी वळून माझ्याकडे बघितलं. लाल नावाचं त्यांनी गावात एका मलाच सांगितलं होतं. ते रागावले असते, सगळ्यांसमोर माझ्या थोबाडीत मारली असती, तर मी त्यांचे उपकार मानले असते. पण त्यांच्या डोळ्यांत राग नव्हताच. ते लहान मुलासारखे रडायला लागले. म्हणाले, "मी एकदाच विचारलं, पार्तिनी. तिला एकदाच विचारलं मी."

पार्तिनीला त्यातलं काही कळलं नाही. ती घाबरली. डॉक्टर माफ करत नाहीत, एवढंच तिला समजलं. "असं नका करू हो. तुमच्यावर पोरासारखी माया होती तिची. माफ केलं म्हणा. तुम्ही म्हटल्याशिवाय आम्ही तिला उचलायचं कसं?"

मोदिन बघत होते. खांदा द्यायला पुढे झालेली माणसं वाकून तशीच थांबली होती.

"माफ केलं," डॉक्टर म्हणाले. इतकं हळू की पार्तिनीनं त्यांच्या तोंडाकडे बघून ते ओळखलं.

मग ती माझ्याकडे वळली. आईच्या आंघोळीतल्या कापराचा वास तिच्या हातांना अजून होता, त्या हातांनी तिनं माझा हात धरला. "आणि बू यात्मी, तुम्ही. तुम्हाला फार सतवायची ती खिडकीवर."

मला सांगायचं होतं की अगं वेडे, मीच. ते मी ओरडले होते. ती दाराशी थांबली होती आणि मी पुढचा नंबर पुकारला. तिनं महिना कधी संपतो विचारलं आणि मी वार सांगितला. मला तिच्या पायांवर डोकं ठेवून माफी मागायची होती. पण आमच्यात मेलेल्याच्या वतीनं जिवंतांची माफी मागतात. मेलेल्याची माफी जिवंतांनी कशी मागायची, त्याची रीत आम्हाला कुणी शिकवली नाही. आणि ज्या तोंडाला सगळं गाव घाबरतं, ते माझं तोंड उघडेना.

"बू, म्हणा ना," पार्तिनी काकुळतीला आली. "ऊन चढतंय. तिला उशीर होतोय."

मी म्हणाले, "माफ केलं."

मग त्यांनी तिला उचललं.